आधी आडनाव वाचा

आयकराचे रिटर्न भरून आठवडा झालेला असतो. सकाळी चहाचा कप हातात असतानाच मोबाइलवर एक ई-मेल येतो. पाठवणाऱ्याच्या जागी ‘आयकर विभाग’ असे नाव आणि वर अशोकस्तंभ. मजकूर असा :

‘प्रिय करदाते, आपला 24,760 रुपयांचा परतावा मंजूर झाला आहे. तथापि आपल्या बँक खात्याची पडताळणी अपूर्ण असल्याने रक्कम जमा करता आली नाही. पुढील 24 तासांत खालील लिंकवर माहिती भरावी, अन्यथा परतावा रद्द समजण्यात येईल.’

खाली निळे बटण : ‘खाते पडताळा’.

हा मजकूर नमुन्यासाठी मी लिहिला आहे. पण याच धाटणीचे मेल दर वर्षी रिटर्नच्या हंगामात लोकांच्या इनबॉक्समध्ये येऊन पडतात, आणि शिकलेसवरलेले लोक त्या निळ्या बटणावर बोट ठेवतात. केंद्रीय गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार 2024 या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशातील लोकांनी सुमारे 22,845 कोटी रुपये गमावले. त्यात निवृत्तांची पुंजी आहे, मुलीच्या लग्नासाठी मोडलेली एफडी आहे, कांदा विकून आलेली पट्टी आहे. म्हणून या एका मेलचा प्रवास आपण सावकाश, टप्प्याटप्प्याने पाहू. प्रत्येक टप्प्यावर हात आखडता घेण्याची संधी असते. ती कुठे असते हे एकदा कळले की पुढच्या वेळी डोळा आपोआप तिथेच जातो.

गळ आणि आमिष

अशा फसवणुकीला ‘फिशिंग’ म्हणतात. गळाला आमिष लावून मासा पकडण्यावरून 1990च्या दशकात अमेरिकेत हा शब्द रूढ झाला. मासेमाराला तळ्यातला प्रत्येक मासा ओळखीचा असावा लागत नाही. तो गळ टाकून बसतो. मेल पाठवणाऱ्यालाही तुम्ही कोण, तुमचा परतावा किती, यातले काही ठाऊक नसते. लाखभर पत्त्यांवर एकच मेल जातो. त्यातल्या काहींनी नुकतेच रिटर्न भरलेले असणार आणि ते परताव्याची वाटच पाहत असणार, एवढा त्याचा हिशेब असतो.

आता तो मजकूर पुन्हा वाचा. पाच ओळींत चार गोष्टी पेरल्या आहेत. सरकारी नाव, म्हणजे अधिकार. 24,760 हा आकडा, म्हणजे लाभ. तो मुद्दाम गोल ठेवलेला नाही, कारण सुटा आकडा खरा वाटतो. ‘रद्द समजण्यात येईल’, म्हणजे भीती. आणि ‘24 तासांत’, म्हणजे घाई. यातली घाई सर्वांत महत्त्वाची. विचार करायला अर्धा तास मिळाला, मुलाला किंवा शेजाऱ्याला विचारले, तर हा डाव टिकत नाही, हे रचणाऱ्याला पक्के माहीत असते. आपल्या घाटरस्त्यांवर पाटी असते, ‘अति घाई संकटात नेई’. ती पाटी मोबाइललाही तंतोतंत लागू पडते.

पहिला टप्पा : पाकिटावरचे नाव

पोस्टाच्या पाकिटावर ‘प्रेषक’ म्हणून कोणीही काहीही लिहू शकतो. ‘जिल्हाधिकारी’ असे लिहिले म्हणून पोस्टमन ओळखपत्र मागत नाही. ई-मेलच्या बाबतीतही ठळक अक्षरांत दिसणारे नाव पाठवणाऱ्याने स्वतः टंकलेले असते. त्याला काडीचीही किंमत देऊ नका.

किंमत द्यायची ती त्या नावामागच्या पूर्ण पत्त्याला. मोबाइलवर तो सहसा लपलेला असतो. जीमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावाखाली ‘टू मी’ असे लिहिलेले दिसते. त्याच्या शेजारच्या छोट्या बाणाला स्पर्श केला की पूर्ण पत्ता उघडतो. नाव ‘आयकर विभाग’ आणि पत्ता मात्र कुठल्यातरी परक्या कंपनीचा किंवा साध्या जीमेलचा, असे दिसले की तिथेच निकाल लागला.

पत्ताही हुबेहूब बनवण्याचा प्रयत्न होतो. अशा वेळी मेलसेवा पाठवणाऱ्या सर्व्हरची आपापल्या परीने पडताळणी करते आणि संशयास्पद मेल स्पॅममध्ये टाकते किंवा वर इशाऱ्याची पट्टी लावते. ती पट्टी दिसली की तिला मान द्या. मात्र पट्टी नाही, म्हणून मेल खरा, असे समजू नका.

आयकराच्या बाबतीत आणखी एक हुकमी तपासणी आहे. 1 ऑक्टोबर 2019पासून विभागाच्या नोटिशी, आदेश आणि पत्रांवर ‘डिन’ नावाचा दस्तऐवज क्रमांक असतो. विभागाच्या संकेतस्थळावर तो क्रमांक टाकून ते पत्र खरोखर विभागाने काढले आहे का, हे घरबसल्या पाहता येते. आणि परतावा जमा होतो तो तुम्ही पोर्टलवर आधीच पडताळून ठेवलेल्या बँक खात्यात. त्यासाठी कार्डाचा क्रमांक, पिन किंवा ओटीपी विभाग मेलवर कधीही मागत नाही.

दुसरा टप्पा : लिंकचे आडनाव

बोट बटणावर ठेवण्याआधी ते बटण तुम्हाला कुठे नेणार आहे, हे पाहता येते. संगणकावर माउसचा बाण लिंकवर नुसता नेला, क्लिक न करता, की खिडकीच्या तळाशी खरा पत्ता दिसतो. मोबाइलवर लिंकवर बोट दाबून धरले की तो पत्ता वर येतो.

हा पत्ता वाचायची एक रीत आहे आणि मराठी माणसाला ती मुद्दाम शिकवावी लागू नये. आपल्याकडे आधी स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा नवऱ्याचे, आणि शेवटी आडनाव. घराणे आडनावावरून कळते. संकेतस्थळाच्या पत्त्याचेही तसेच आहे. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघांनंतर जो मजकूर येतो, तो पुढच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंत वाचा. एवढा भाग म्हणजे पूर्ण नाव. त्यात मालक कोण हे शेवटच्या भागावरून ठरते. त्याआधीच्या भागात कोणीही काहीही लिहू शकतो. मुलाचे पाळण्यातले नाव ‘पेशवे’ ठेवले, म्हणून तो पेशव्यांच्या घराण्यातला होत नाही.

आपल्या नमुन्याच्या मेलमधली लिंक अशी समजा : ‘इनकमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन डॉट रिफंड-चेक डॉट टॉप’. डावीकडून वाचणाऱ्याला पहिले तीन शब्द दिसतात आणि तो निश्चिंत होतो. उजवीकडून वाचणाऱ्याला कळते की आडनाव ‘रिफंड-चेक डॉट टॉप’ आहे. विभागाचा खरा पत्ता ‘इनकमटॅक्स डॉट गव्ह डॉट इन’ एवढ्यावर संपतो. ‘गव्ह डॉट इन’ हे आडनाव भारतात फक्त सरकारी संस्थांना मिळते, बाजारात विकत घेता येत नाही. त्यामुळे ते पत्त्याच्या शेवटी असेल तरच अर्थ आहे. मध्ये असेल तर ती केवळ सजावट.

बँकांसाठीही आता अशी सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेने 2025मध्ये देशातील बँकांना आपली संकेतस्थळे ‘बँक डॉट इन’ या खास आडनावाखाली आणायला सांगितले आणि त्यासाठी 31 ऑक्टोबर 2025 ही मुदत दिली. हे आडनाव नोंदणीकृत बँकेशिवाय कोणाला मिळत नाही. आपल्या बँकेचा हा नवा पत्ता शाखेतून किंवा पासबुकावरून एकदा खात्रीने टिपून घ्या आणि मोबाइलमध्ये जपून ठेवा. मग कोणत्याही मेलमधल्या लिंकची गरजच उरत नाही.

अक्षरांचीही चलाखी चालते. आपल्याकडे ‘ख’ हे अक्षर सुटे लिहिले की ‘रव’ वाटते. लहानपणी त्यावरून मास्तरांचा ओरडा खाल्लेले पुष्कळ आहेत. इंग्रजीत आर आणि एन ही अक्षरे शेजारी आली की एम भासतो, आणि एल हे अक्षर एक या अंकासारखे दिसते. चोर अशा जोड्या वापरून ओळखीच्या पत्त्याचा जुळा भाऊ तयार करतात. म्हणून पत्ता नजरेने चाळू नका, अक्षर अक्षर वाचा.

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह दिसले, म्हणजे संकेतस्थळ सुरक्षित, असे वर्षानुवर्षे सांगितले गेले. त्या कुलपाचा अर्थ एवढाच की तुम्ही पाठवलेली माहिती वाटेत कोणी वाचू शकणार नाही. ती ज्याच्या हाती पडते तो साव आहे की चोर, हे कुलूप सांगत नाही. चोरालाही ते कुलूप फुकट मिळते.

तिसरा टप्पा : खरा ओटीपी, खोटा मागणारा

समजा, बोट पडलेच. समोर आयकर विभागाच्या पानासारखेच पान उघडते. रंग तेच, चिन्ह तेच. ते बनवायला कौशल्य लागत नाही. खरे पान जसेच्या तसे उतरवून घेता येते. तुमचे नाव, पॅन, मग ‘परतावा जमा करण्यासाठी’ कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचे तीन आकडे विचारले जातात. तुम्ही भरता. पडद्यावर गोल चक्र फिरू लागते, ‘कृपया थांबा’.

त्या चक्रामागे काय चालले आहे, हे नीट समजून घ्या. तुम्ही भरलेले आकडे त्याच क्षणी दुसरीकडे कोणीतरी एका खऱ्या खरेदीच्या पानावर भरत असतो. बँकेच्या दृष्टीने ती तुमची खरेदी. म्हणून बँक तुमच्याच मोबाइलवर ओटीपी पाठवते. तो अस्सल असतो, बँकेच्याच नावाने येतो. त्यामुळे तुमचा विश्वास आणखी पक्का होतो : ‘बँकेचाच मेसेज आला, म्हणजे सगळे खरेच असणार.’ आणि तुम्ही तो आकडा त्या खोट्या पानावर भरता. चोराकडे नसलेली शेवटची किल्ली तुम्ही स्वतःच्या हाताने दिलेली असते.

यावर उतार साधा आहे. ओटीपीचा मेसेज पूर्ण वाचा. हल्ली मोबाइल सहा आकडे तेवढे उचलून समोर धरतो आणि आपण बाकीचा मजकूर पाहतच नाही. त्या मजकुरात बहुधा रक्कम असते आणि पैसे कुणाला चालले तेही असते. परतावा *घ्यायला* बसलेल्या माणसाला ‘49,999 रुपयांच्या व्यवहारासाठी ओटीपी’ असा मेसेज आला, तर तो ओटीपी पैसे आणण्यासाठी नाही, नेण्यासाठी आहे. हे वाचायला दहा सेकंद पुरतात.

यूपीआयचा पिनही असाच समजून घ्या. तो म्हणजे चेकवरची सही. पैसे देताना आणि शिल्लक पाहताना पिन लागतो. पैसे घेताना तो कधीही लागत नाही. ‘पैसे पाठवतोय, फक्त हा क्यूआर कोड स्कॅन करा आणि पिन टाका,’ असे जुना सोफा विकत घेणारा कोणी अनोळखी माणूस म्हणाला, मग तो स्वतःला लष्करी जवान म्हणवो की आणखी कोणी, तर तो पैसे देत नाही, घेतो आहे. एका व्यक्तीने दुसऱ्याकडे यूपीआयवर पैसे ‘मागण्याची’ सोय याच प्रकारच्या फसवणुकीसाठी इतकी वापरली गेली, की ती 1 ऑक्टोबर 2025पासून बंद करण्यात आली.

चौथा टप्पा : पैसा कुठे जातो?

खात्यातून निघालेला पैसा चोराच्या स्वतःच्या खात्यात जात नाही. तो जातो भाड्याच्या खात्यात. तपास यंत्रणा याला ‘म्यूल’ खाते म्हणतात. कॉलेजचा एखादा मुलगा, बेकार तरुण, हातावर पोट असलेला मजूर यांना काही हजार रुपये देऊन त्यांच्या नावावर उघडलेले खाते, एटीएम कार्ड आणि सिम घेतलेले असते. पहिल्या खात्यात रक्कम पडली की ती काही मिनिटांत चार-पाच खात्यांत फोडली जाते, तिथून आणखी पुढे. शेवटी कुठेतरी एटीएममधून रोख निघते किंवा ती रक्कम आभासी चलनात बदलून देशाबाहेर जाते.

हे जाळे दोन कारणांसाठी लक्षात ठेवायचे. एक, पैसा पहिल्या-दुसऱ्या खात्यात असेपर्यंतच तो अडवता येतो. फसवणूक झाल्यानंतरच्या पहिल्या तासाला एवढे महत्त्व आहे ते यामुळेच. आणि दोन, ‘तुझे खाते महिनाभर वापरायला दे, पाच हजार मिळतील,’ असे कोणी आपल्या घरातल्या मुलाला सांगितले, तर ते काम नव्हे, गुन्ह्यातली भागीदारी आहे. माग काढत पोलीस सर्वांत आधी त्याच मुलाच्या दारात येतात.

तोच गळ, वेगळे आमिष

ई-मेलचा सापळा ओळखता आला की बाकीचे ओळखणे जड नाही. घडण तीच असते : अधिकार, लाभ किंवा भीती, आणि घाई.

‘मागचे बिल अपडेट नसल्याने आज रात्री 9.30 वाजता वीज तोडली जाईल, या नंबरवर संपर्क करा,’ असा मेसेज दहा आकडी मोबाइलवरून येतो. महावितरण खासगी मोबाइल क्रमांकावरून असे मेसेज पाठवत नाही. संस्थांचे अधिकृत एसएमएस अक्षरी नावाने येतात, आणि 2025पासून त्या नावाच्या शेवटी एक अक्षर असते : पी म्हणजे जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी.

व्हॉट्सअॅपवर वाहतूक दंडाचे चलन किंवा लग्नपत्रिका म्हणून एक फाइल येते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असते. पत्रिका म्हणजे चित्र किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे अॅप. ते बसवले आणि मेसेज वाचायची परवानगी दिली, की तुमचे ओटीपी तुम्हाला न विचारता परस्पर चोराकडे जातात. इथेही आडनावच वाचायचे, फक्त फाइलचे.

इंटरनेटवर ग्राहक सेवेचा नंबर शोधला की चोरांनी पेरलेले नंबरही समोर येतात. बँकेचा नंबर कार्डाच्या मागे आणि पासबुकावर छापलेला असतो, तोच वापरा. आणि ‘मदत करतो’ म्हणून कोणी मोबाइलचा पडदा दाखवणारे अॅप बसवायला सांगितले, तर फोन ठेवा.

‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुम्ही डिजिटल अटकेत आहात, कॅमेऱ्यासमोरून हलू नका,’ असे गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर सांगतो. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्टच नाही. पोलीस, सीबीआय, न्यायालय, कोणीही व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि ‘तपासासाठी’ पैसे जमा करायला सांगत नाही. पंतप्रधानांनी 27 ऑक्टोबर 2024च्या ‘मन की बात’मध्ये हा विषय मुद्दाम घेतला होता. या प्रकारात अनेकदा वयस्क माणसे सापडतात, कारण ‘घरात कोणालाही सांगू नका’ ही अट ती प्रामाणिकपणे पाळतात.

एका शंकेची किंमत

अशा सापळ्यात फक्त अडाणी माणसे सापडतात, असा समज मनातून काढून टाका. फेब्रुवारी 2016मध्ये बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेच्या न्यूयॉर्कमधील खात्यातून सुमारे 95 कोटी डॉलर पळवण्याचा प्रयत्न झाला. अमेरिकी तपास यंत्रणांनी पुढे न्यायालयात मांडले त्यानुसार, याची सुरुवात बँकेच्या कर्मचाऱ्यांना आलेल्या साध्या ई-मेलने झाली होती. नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या एका उमेदवाराचे ते मेल होते, माहितीपत्राच्या लिंकसह. 8 कोटी 10 लाख डॉलर फिलिपिन्सला गेले. श्रीलंकेतल्या एका संस्थेच्या नावाने निघालेले 2 कोटी डॉलर मात्र वाचले, कारण त्या नावात ‘फाउंडेशन’ या शब्दाचे स्पेलिंग चुकले होते. ते कोणाच्या तरी नजरेला खटकले आणि त्याने थांबून विचारणा केली. एका स्पेलिंगवर थबकलेल्या नजरेने 2 कोटी डॉलर वाचवले. आपल्याला वाचवायचे आहेत ते आपल्या कष्टाचे काही हजार किंवा काही लाख. तंत्र तेच : खटकले की थांबायचे आणि विचारायचे.

घरी आजच करून ठेवण्याच्या गोष्टी

सर्वप्रथम ई-मेल. बँक, आयकर, आधार, विमा, सगळ्यांचे पासवर्ड बदलण्याच्या लिंक मेलवरच येतात. मेल म्हणजे घरातल्या सगळ्या किल्ल्यांचा जुडगा. त्याचा पासवर्ड इतर कुठेही वापरलेला नसावा, आणि त्यावर दोन टप्प्यांची पडताळणी सुरू असावी.

यूपीआयसाठी वेगळे बचत खाते ठेवा आणि त्यात महिन्याच्या खर्चापुरतीच रक्कम असू द्या. पेन्शनचे आणि एफडीचे खाते यूपीआयला जोडूच नका. खिशात रोजच्या खर्चाचे पैसे आणि कपाटात बाकीचे, ही घरातली जुनी शिस्त इथेही उपयोगी आहे.

कार्डावरचे परदेशी आणि ऑनलाइन व्यवहार बंद-चालू करण्याची, त्यांची मर्यादा ठरवण्याची सोय बँकांना ऑक्टोबर 2020पासून द्यावी लागते. बँकेच्या अॅपमध्ये ती शोधा. परदेशी व्यवहार गरज पडेपर्यंत बंद ठेवा.

बँकेत आपला चालू मोबाइल नंबर आणि ई-मेल नोंदलेला आहे ना, हे पाहा. मोबाइलचे नेटवर्क अचानक, विनाकारण, तासन्‌तास गेले तर दुर्लक्ष करू नका. तुमच्या नंबरचे दुसरे सिम कोणी काढले असण्याची शक्यता असते. ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहता येते आणि फसव्या कॉल-मेसेजची तक्रारही करता येते.

शेवटची गोष्ट घरातल्या माणसांची. मुले पुण्या-मुंबईला किंवा परदेशात आणि आईवडील गावाकडे, अशी घरे आता जागोजागी आहेत. त्यांनी एक नियम ठरवावा : पैशांविषयी कोणताही फोन किंवा मेसेज आला, तर काहीही करण्याआधी घरातल्या एका ठरलेल्या माणसाला फोन करायचा. ‘आई, माझा हा नवा नंबर, तातडीने पैसे पाठव,’ असा मेसेज आला तर आईने जुन्या नंबरवर फोन करून विचारायचे. आणि मुलांनी तो फोन, ऑफिसात असले तरी, न चिडता घ्यायचा.

पैसे गेलेच तर

रडत किंवा स्वतःला दोष देत बसू नका. लगेच 1930 हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनचा क्रमांक लावा. हाताशी ठेवा : आपला खाते क्रमांक, बँकेचे नाव, व्यवहाराची वेळ, रक्कम आणि मेसेजमध्ये दिसणारा व्यवहार क्रमांक. तुमची तक्रार नोंदली गेली की ती संबंधित बँकेकडे जाते. पैसा तिथे असेल तर ती रक्कम गोठवली जाते. पुढच्या बँकेत गेला असेल तर तक्रार त्याच्या मागोमाग पुढे जाते. ही शर्यत आहे आणि तिची सुरुवात तुमच्या फोनने होते.

त्यानंतर बँकेच्या अधिकृत नंबरवर फोन करून कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय बंद करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. मग ‘सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन’ या संकेतस्थळावर तक्रार पूर्ण करा. मेल, मेसेज, पडद्याचे फोटो काहीही पुसू नका. तोच पुरावा आहे.

रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 रोजी काढलेले परिपत्रक प्रत्येक खातेदाराला माहीत असायला हवे. त्यानुसार चूक ना बँकेची ना ग्राहकाची, दोष व्यवस्थेत अन्यत्र आहे, आणि ग्राहकाने सूचना मिळाल्यापासून 3 कामकाजी दिवसांत बँकेला कळवले, तर त्याची जबाबदारी शून्य. 4 ते 7 कामकाजी दिवसांत कळवले तर साध्या बचत खात्यासाठी ती जास्तीत जास्त 10,000 रुपये. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. ग्राहकाने स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे. पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचे. म्हणजे चूक आपली असली, तरीसुद्धा फोन करण्यात प्रत्येक मिनिटाला किंमत आहे. आणि ग्राहक जबाबदार आहे, हे सिद्ध करण्याचा भार बँकेवर असतो.

बँकेने 30 दिवसांत उत्तर दिले नाही किंवा ते पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनामूल्य तक्रार करता येते. आणखी एक वाट आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. माहिती तंत्रज्ञान कायद्यानुसार राज्याचे माहिती तंत्रज्ञान सचिव हे न्यायनिर्णय अधिकारी असतात आणि 5 कोटींपर्यंतच्या भरपाईचे दावे त्यांच्यापुढे चालतात. पुण्यातल्या एका व्यावसायिकाने फसव्या ई-मेलला उत्तर दिले आणि त्याच्या खात्यातून 80 लाखांहून अधिक रक्कम गेली. 2013मध्ये महाराष्ट्राच्या सचिवांनी त्याच्या बँकेला 45 लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. मेलला उत्तर दिले म्हणून काही भार त्याच्यावर राहिला. पण चोरांची खाती उघडताना पुरेशी तपासणी न करणारी बँकही जबाबदार ठरली. चूक झाली म्हणून सगळे हक्क संपत नाहीत.

एक सावधगिरी इथेही हवी. पैसे गेल्यावर काही दिवसांनी ‘तुमचे पैसे परत मिळवून देतो, आधी फी भरा,’ असा फोन येतो. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात, तसला हा प्रकार. सरकारी तक्रारीला फी लागत नाही.

चोरांना सर्वांत मोठा आधार मिळतो तो आपल्या लाजेचा. ‘लोक काय म्हणतील’, ‘मुलगा रागावेल’, म्हणून माणसे दोन-दोन दिवस गप्प बसतात, आणि अडवता आला असता असा पैसा तेवढ्यात हातचा जातो. घरात कोणी फसले, तर ‘तुला कळत कसं नाही?’ हा प्रश्न त्या दिवशी तरी विचारू नका. पाण्याचा पेला द्या, शेजारी बसा आणि 1930 लावून द्या. हा आकडा आजच मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारच्या भिंतीवर लावा, आणि आईवडिलांना तो कशासाठी आहे ते सावकाश समजावून सांगा.